उपाशी वाफा

“ह्या वाफ्याची कीव करायची नाही, प्रमोदिनी. ज्या दिवशी कीव केलीस, त्या दिवसापासून तो खोटं बोलायला लागेल.”

शेतावरचे वडीलधारे शास्त्रज्ञ भाऊसाहेब हे म्हणाले तेव्हा फरीदाबादच्या प्रयोगशेतावर बांधाला टेकून मुळा खात बसले होते. मीठ कागदाच्या पुडीत, मुळा पाटाच्या पाण्यात धुतलेला, अंगात जुना खाकी कोट. प्रमोदिनी पुण्याहून नुकती नोकरीवर आलेली, दिल्लीच्या थंडीनं ओठ फुटलेले. “नाही करणार,” ती म्हणाली.

“नाही करणार, हे काही बोलणं नव्हे. सांभाळीन म्हण.”

“सांभाळीन.”

एवढंच. ना हातात बेलभंडार, ना साक्षीदार. पण काही माणसांपुढे बोललेला शब्द देवापुढच्या दिव्यासारखा असतो. तेल आपणच घालत राहावं लागतं.

आता हा वाफा म्हणजे काय, ते सांगायला हवं. शेतावर गव्हाचे तीन वाफे शेजारीशेजारी होते. माती एक, बियाणं एक, खतही सारखंच. फरक फक्त पाण्याचा. पहिल्याला हंगामात सहा पाळ्या पाणी, सरकारी पत्रकात छापलं होतं तसं. दुसऱ्याला चार, आणि त्याही मातीला विचारून. म्हणजे लांब गिरमिटानं खालची माती काढायची, मुठीत दाबून पाहायची, भट्टीत वाळवून तोलायची आणि मगच पाट सोडायचा. तिसऱ्याला मात्र एकच पाळी, मुळं धरतानाची. त्यानंतर आभाळ देईल ते. पाण्यानं काय साधतं हे सांगायचं तर पाण्यावाचून काय होतं ते आधी माहीत हवं, आणि ते सांगण्यासाठी हा तिसरा वाफा वर्षानुवर्षं तहानलेला उभा राहत होता. बुटका, निळसर, घाईघाईनं ओंबीवर येणारा. शेतावरचे सगळे त्याला उपाशी वाफा म्हणत. शेतावरचा जुना मजूर रामफल त्याला ‘बरतवाली क्यारी’, व्रताचा वाफा, म्हणे आणि जाता-येता त्याच्याकडे बघून चुकचुके.

भाऊसाहेब गेले. वाफा प्रमोदिनीकडे आला. त्या तीन वाफ्यांच्या जिवावर ती दर बैठकीत एकच गोष्ट सांगत राहिली, की सहा पाळ्या नकोत, चार पुरतात. जास्तीच्या पाण्यानं खालचा क्षार वर येतो, पानिपतच्या बाजूला चांगली शेतं पांढरी पडत चालली आहेत. एका अधिकाऱ्यानं एकदा तिला विचारलं होतं, “मॅडम, फिर ये नहर हमने क्या तैरने के लिए बनाई है?” सगळे हसले होते. तीही हसली होती, आणि पुढच्या बैठकीत तेच पुन्हा सांगितलं होतं.

त्या वर्षी संक्रांतीला सासूबाईंचं हळदीकुंकू होतं म्हणून तिनं थोडी रजा घेतली. परत शेतावर गेली तेव्हा थंडी मी म्हणत होती आणि धुकं अजून गव्हाच्या पात्यांवर बसलेलं होतं. नेहमीप्रमाणे आधी उपाशी वाफ्याकडे वळली आणि तिची चप्पल बांधाच्या कडेला रुतली.

ती थांबली. शेजारच्या पडीक तुकड्यात धूळ होती. म्हणजे पाऊस नव्हता. तिनं वाकून मूठभर माती उचलली. दाबली. मातीचा लाडू वळला, अगदी परवा घरी वळले होते तसा.

“रामफल!”

रामफल पंपाच्या खोलीतून मफलर सावरत आला. तिच्या हातातला मातीचा गोळा बघितला आणि नजर खाली घातली.

“किसने पानी छोड़ा?”

“जी, पाठारे साहब नै कहा था, मैडम का हुकम है. मन्नै तो दो बार पूछा.”

“मुझसे पूछा?”

“आप तो घर मैं तिल-गुड़ बाँट रही थीं जी.”

तिला दिसत होतं, की रामफलच्या डोळ्यांत अपराध होता तसा एक कोपरा समाधानाचाही होता. सणासुदीला उपाशी जिवाला पाणी पाजलं, पुण्यच केलं, असं त्याला आतून कुठंतरी वाटत असणार. त्याच्यावर रागावणं सोपं होतं. ती रागावली नाही. हात झाडून सरळ विभागप्रमुखांच्या खोलीत गेली.

विभागप्रमुख म्हणजे शशिकांत पाठारे. तोही भाऊसाहेबांचाच विद्यार्थी, तिच्याच वर्षाचा. एकाच बांधावर दोघांनी मुळे खाल्ले होते. पण खुर्ची आली तशी दोघांच्या मधे ‘तुम्ही’ आलं, ‘सर’ आलं, टेबलावर काच आली.

“पाणी तुम्ही सोडायला लावलंत?”

“बसा बाई. चहा घ्या आधी.”

“सोडायला लावलंत?”

“अहो, फेब्रुवारीत पाहुणे येताहेत. परदेशी आहेत, मंत्रालयातले आहेत, शेतकऱ्यांची एक अख्खी बस आहे. आणि ऐन रस्त्यालगत तुमचा तो खरजुला वाफा. गेल्या साली एका साहेबानं मला विचारलं, ‘पाठारे, इस बेचारे का क्या क़सूर है?’ काय सांगू मी?”

“सांगायचं, कसूर नाही, ही त्याची नोकरी आहे.”

पाठारे हसले. ते चांगलं हसत. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी आवाज खाली आणला. “बाई, रागावू नका. नीट बघितलंत तर तुमचंच भलं केलंय मी. एका पाळीत हा वाफा एवढा भरला, असं दिसलं तर काय होईल? सहा पाळ्या कशाला हव्यात, असं सगळेच विचारतील. इतकी वर्षं तुम्ही घसा कोरडा करताय, ते एका आकड्यात सिद्ध. कमी पाण्याची शिफारस मी स्वतः मांडतो. प्रमुख शास्त्रज्ञाच्या जागेसाठी नाव तुमचंच पाठवतो. तुम्ही फक्त गप्प बसायचं. गप्प बसायला काय लागतं हो?”

खोटं कशाला सांगा, प्रमोदिनीच्या मनात क्षणभर चलबिचल झाली. पांढरी पडत चाललेली ती शेतं तिला दिसत होती. एक आकडा, आणि ती वाचली असती. वाईट मार्गानं का होईना, चांगलंच झालं असतं. मोह नेहमी असाच येतो, चांगल्याचं सोवळं नेसून.

मग तिला दुसरं दिसलं. “आणि ती शिफारस वाचून कुणी खरंच एका पाळीवर गहू पेरला, तर?”

“कोण वाचतंय, बाई!”

“शशिकांत,” ती म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून ‘तू’ बाहेर पडलं, “तुला पण भाऊसाहेबांनी त्याच बांधावर बसवलं होतं.”

पाठाऱ्यांचं हसू विझलं. “भाऊसाहेब गेले. आणि जाताना त्यांच्या नावावर दिल्लीत एक खोलीसुद्धा नव्हती. वाफा संस्थेचा आहे, बाई. तुमच्या माहेरचा नाही.”

नेताजीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या संध्याकाळी मटार सोलायचं काम चाललं होतं. सासूबाई कुमुदताई परातीपाशी बसलेल्या. त्यांचा आवाज इतका हलका, की शेंग फुटल्याचा आवाज त्याहून मोठा वाटावा. सोमवार, एकादशी, चातुर्मासाचे नेम, सगळं त्या बोभाटा न करता करत. अविनाश, म्हणजे प्रमोदिनीचा नवरा, रेल्वेच्या कचेरीतून येऊन स्वेटर घालूनच रजईत शिरला होता. तिनं दोघांना सगळं सांगितलं.

“म्हणजे आकडा तुझ्याच बाजूचा आहे?” अविनाश म्हणाला. “मग घेऊन टाक ना यार. आपणहून आलेली लक्ष्मी आहे.”

“चोरपावलांनी आलेली.”

“अगं, दिल्लीत सगळेच तसे येतात. वशिल्याशिवाय इथं गॅससुद्धा मिळत नाही.”

प्रमोदिनीनं सासूबाईंकडे बघितलं. “आई, चुकून उपास मोडला तर तुम्ही काय करता हो?”

कुमुदताईंनी एक शेंग सोलून दाणे परातीत सोडले. “मागे एकादशीला मोडला होता की. त्या वरच्या भाटियांच्या सुनेनं प्रेमानं पुऱ्या आणल्या. म्हणाली, कुट्टूच्या आट्याच्या आहेत, आंटीजी, व्रतवाल्या. खाल्ल्या. मग कळलं, घाईत तिनं गव्हाचाच डबा उघडला होता.”

“मग?”

“मग काय! पुरी गोड लागली होती, ते काही खोटं नाही.” त्या गालातल्या गालात हसल्या. “तिला काही बोलले नाही. बिचारीनं जीव लावूनच केलं होतं. पण देवाला सांगितलं, आजचा उपास धरू नकोस, मी पुन्हा पहिल्यापासून मोजते. मोडला तर मोडला, बाळ. त्यात पाप नाही. पण मोडलेला उपास घडला म्हणून सांगितला, की आधीचे सगळे खरे उपासही संशयात पडतात.”

अविनाशनं रजईतून डोकं बाहेर काढलं. “आई, तू हिच्या ऑफिसात का नाही लागत?”

“मला इंग्रजी येत नाही,” कुमुदताई म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

पाहुण्यांच्या दिवशी प्रमोदिनी सकाळी लवकर शेतावर पोचली. सोबत मथुरा रोडवरच्या पेंटरकडून करून घेतलेली पत्र्याची पाटी होती. ‘चोरी’ हा शब्द लिहावा की नाही, यावर तिचं स्वतःशीच बरंच भांडण झालं होतं. शेवटी तो गाळला. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच लिहिलं होतं, ‘इस क्यारी को बीच में पानी दिया गया है. इस साल का नतीजा रद्द.’ ती पाटी तिनं उपाशी वाफ्याच्या कोपऱ्यावर दगडानं ठोकून उभी केली. वाफा काय सुंदर दिसत होता! उंच, हिरवा, ओंब्यांनी जड. खोटं नेहमी असंच तब्येतीनं बरं असतं.

पाठारे नवा सूट घालून आले, पाटी वाचली आणि रामफलकडे वळले. “उखाड़ो इसे.”

रामफल हलला नाही. “साहब जी, पिछली बार मैडम का हुकम मन्नै आपसे सुना था. अबकी बार मैडम से ही सुणूँगा.”

पाठाऱ्यांनी मग स्वतःच पाटी उपटली. सुटावर चिखल उडाला. ती पंपाच्या खोलीमागे टाकून ते परत आले, तर पाटीच्या जागी प्रमोदिनी उभी. पदर खोचलेला, हातात भाऊसाहेबांचं गिरमिट. लांबून बस आणि गाड्या येताना दिसत होत्या. दोघं शेजारीशेजारी उभे राहून रस्त्याकडे बघत हसतमुखानं मराठीत भांडले, कारण तिथं ती भाषा दुसऱ्या कुणाला कळत नव्हती.

“हसत राहा बाई. पाहुणे बघताहेत.”

“हसतेच आहे.”

“इथून हला.”

“पाटी लावा, हलते.”

“तुमची नोकरी घालवून बसाल.”

“नोकरी तुमच्या हातात आहे. हा कोपरा माझ्या पायाखाली आहे.”

पाहुणे उतरले. तेच ते गेल्या वर्षीचे साहेब पुढे आले आणि वाफ्यासमोर थबकले. “अरे वाह! ये वही बेचारा है? क्या सेहत बनाई है, भई!”

“सर, सिर्फ़ एक पानी में,” पाठारे म्हणाले.

परदेशी पाहुण्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी फोटो काढला. पण शेतकऱ्यांच्या घोळक्यात कुजबुज झाली आणि त्यातून एक बाई पुढे आली. पन्नाशीची, उंच, ओढणी कपाळावरून मागे सारलेली. अत्तरो तिचं नाव. पानिपतच्या पलीकडल्या एका गावातून आलेली. नवऱ्यामागे शेती तीच बघत होती. तिनं साहेबांकडे पाहिलंच नाही, थेट प्रमोदिनीला विचारलं.

“एक पाणी मैं? साची कहवै सै, बेटी? मेरी आधी जमीन नहर का पाणी पी-पी कै सफेद हो ली. तू कह दे, तो बाकी आधी मैं भी एक ही पाणी पै छोड़ दूँ.”

हीच ती. ‘कोण वाचतंय’ म्हणाले होते, आणि ही समोर उभी होती.

प्रमोदिनी एरवी हळू बोलणारी. पण त्या सकाळी तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “नहीं माताजी. बिल्कुल मत छोड़ना. सारी फ़सल सूख जाएगी. इस क्यारी को बीच में पानी पिलाया गया है. इस साल ये झूठ बोल रही है.”

दूर पंपाची फटफट तेवढी ऐकू येत होती.

“किसने पिलाया?” साहेबांनी विचारलं.

पाठाऱ्यांचा चेहरा मातीसारखा झाला. प्रमोदिनीनं त्यांच्याकडे बघितलं. नाव जिभेवर होतं. तिला परातीपाशी बसलेल्या सासूबाई आठवल्या. “किसी ने तरस खाकर,” ती म्हणाली. “पर इसकी रोज़ी ही प्यासा रहना है, सर. इसका हरा होना हम सबका नुक़सान है. आप ये नतीजा कहीं मत छापिए. छपेगा तो मैं हर मीटिंग में खड़ी होकर कहूँगी कि झूठ है.”

“फिर डॉक्टर साहिबा, आप ही बता दीजिए,” पाठारे आता उसळून म्हणाले, “इनकी ज़मीन में कितना पानी दें? कमी पाण्याच्या बाजूनं तर तुम्हीच होतात ना?” रागात त्यांची हिंदी-मराठी एक झाली.

“इस मिट्टी में चार, और मिट्टी से पूछकर. इनकी मिट्टी मैंने देखी नहीं है.” ती अत्तरोकडे वळली. “माताजी, आपके यहाँ कितना, मुझे आज नहीं पता. वहीं आकर, तीनों क्यारियाँ बोकर, फ़सल देखकर बताऊँगी.”

अत्तरो हसली. “तू आवैगी? म्हारै तो सरकारी जीप भी धूल उड़ा कै निकल ज्या सै.”

“मैं बस से आऊँगी.”

“जबान?”

“ज़बान.”

अत्तरोनं पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, एवढ्या लोकांत, जणू पोरगी सासरहून आली आहे. मग आपल्या लोकांत परत गेली.

पुढे जे व्हायचं ते झालं. आरडाओरडा झाला नाही. दिल्लीत तो होतच नाही, तिथं कागद येतात. एका पाळीचा आकडा कुठंही छापला गेला नाही, इतकं मात्र खरं. मळणी प्रमोदिनीनं स्वतः उभं राहून करून घेतली आणि उपाशी वाफ्यापुढे ‘बाद’ असं लिहिलं. नंतर कळलं, की त्या तीन वाफ्यांच्या जागी अतिथिगृह आणि त्यापुढे हिरवळ होणार आहे. प्रयोग बंद. प्रमोदिनीची बदली प्रकाशन विभागात, पत्रकांची मुद्रितं तपासायला. पहिलंच पत्रक टेबलावर आलं ते गव्हाचं. त्यात सहा पाळ्या होत्या. तिनं समासात लाल शाईनं ‘आधार द्या’ असं लिहून परत पाठवलं. ते पुन्हा आलं. तिनं पुन्हा पाठवलं. शेवटी गव्हाची पत्रकं तिच्याकडे यायची थांबली.

पावसाळा सरला. हिरवळीला दोन्ही वेळ पाणी मिळू लागलं. रामफल एकदा नेताजीनगरला येऊन गेला. सांगत होता, “मैडम जी, उस घास को देख कै अब मन्नै तरस ना आता.” जाताना त्यानं आधीच्या साली चार पाळ्यांच्या वाफ्यातून काढलेलं बियाणं एका पोत्यात आणून दिलं. संस्थेनं ते भंगारात काढलं होतं, आणि त्यानं रीतसर मागून घेतलं होतं.

कार्तिक लागला. पेरणीचा वाफसा आला की वाट बघत नाही. प्रमोदिनीनं रजेचा अर्ज दिला. सहीसाठी तो अजूनही पाठाऱ्यांकडेच जात होता. त्यांनी तिला बोलावलं नाही, पण जिन्यात भेट झाली.

“एवढी रजा कशाला, बाई?”

“उपास आहे.”

ते खाली बघत म्हणाले, “खारवट मातीत गिरमिट अडकतं. भाऊसाहेब तेल लावायचे.”

“आहे लक्षात,” ती म्हणाली.

निघायच्या दिवशी पहाटे कुमुदताई तिच्याआधी उठल्या होत्या. देवापुढे दिवा लागला होता. ओट्यावर दशम्यांचा डबा फडक्यात बांधून ठेवलेला, वर लोणच्याची चिमुकली बाटली. अविनाश डोळे चोळत उठला. “मी येऊ का स्टॉपपर्यंत?” प्रमोदिनी म्हणाली, “बियाणं उचलशील तेवढं.” तो पोतं खांद्यावर घेऊन कुरकुरत जिना उतरला. “पानिपतावर मराठे निघाले, आणि हमाल मी.”

कुमुदताईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. “पहिल्यापासून मोजायचं ना?”

“पहिल्यापासून.”

गोणपाटात गुंडाळलेलं गिरमिट तिनं काखेत धरलं. त्याला आदल्या संध्याकाळीच तेल लावून ठेवलं होतं. रस्त्यावर धुकं होतं. शेजारच्या कुणाची झोप मोडू नये म्हणून तिनं दार हलकेच ओढून घेतलं आणि जिना उतरू लागली.